रॉकेलचं मडकं आणि मॉफेट फील्ड

कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला लेकीकडे गेलो की सकाळी मी एलिस स्ट्रीटच्या बाजूला चालायला जातो. दोन्ही अंगांना कंपन्यांच्या काचेच्या इमारती, पुढे १०१ महामार्गाचा पूल, आणि पुलापलीकडे उपड्या घातलेल्या नावेसारखं एक अवाढव्य धूड. ते मॉफेट फील्डचं 'हँगर वन'. पहिल्या खेपेला माझं सगळं लक्ष त्या धुडाकडेच असायचं. दुसऱ्या खेपेला नजर खाली गेली. फुटपाथवर, पार्किंगच्या कडेला, हिरवळीत, ताटलीएवढी गोल लोखंडी झाकणं दिसायला लागली. गटाराची नव्हेत, त्याहून लहान. बोल्टांनी आवळलेली. वर ठशात लिहिलेलं, 'मॉनिटरिंग वेल'. वेल म्हणजे विहीर. ताटलीएवढी विहीर!

जावयाला विचारलं. कित्येक वर्षं त्या झाकणांवरून चालत ऑफिसला जाणारा तो. म्हणाला, "गॅसची लाइन असेल हो बाबा."

गॅसची लाइन नव्हती. जमिनीखालचं पाणी किती खराब आहे, ते मोजायच्या त्या विहिरी. आणि हे मोजणं चाळीस वर्षांच्या आसपास चाललं आहे. बे एरियात मराठी माणसांची कमतरता नाही. त्यातले कितीतरी जण रोज या झाकणांवर पाय ठेवून कामाला जातात. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांचं अंगण, नौदलाचा जुना तळ, नासाचं केंद्र, आणि या सगळ्याखाली खराब पाण्याची एक विषारी जीभ. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला अडीच-तीन किलोमीटरचं पाणी चाळीस वर्षांत साफ का करता येऊ नये? मला हा प्रश्न पडला आणि मी वाचत गेलो. उत्तर निघालं ते आपल्या स्वयंपाकघरातलंच.

आधी जागेची ओळख. १९३१ मध्ये आसपासच्या लोकांनी वर्गणी काढून, साडेचार लाखांहून जास्त डॉलर उभे करून, हजार एकर जमीन घेतली आणि ती सरकारला एका डॉलरला विकली. कारण? नौदलाचा तळ इथं आला तर मंदीच्या दिवसांत चार लोकांच्या हाताला काम मिळेल. १९३३ मध्ये तळ सुरू झाला. नौदलाचं 'मेकन' नावाचं, वायू भरलेलं, फुग्यासारखं तरंगणारं ७८५ फूट लांबीचं हवाई जहाज ठेवायला हँगर वन बांधला: लांबी ११३३ फूट, रुंदी ३०८, उंची १९८. आतली जागा आठ एकर. मेकन मात्र १९३५ मध्येच समुद्रात पडलं. पुढे या तळावरून पाणबुड्या शोधणारी विमानं उडत राहिली आणि १ जुलै १९९४ ला नौदलानं तळ बंद करून जागा नासाकडे दिली.

आता विमानतळ म्हटला की इंजिनं आली, इंजिनं आली की वंगण आलं, आणि वंगण काढायला काहीतरी लागतं. ते 'काहीतरी' म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन. नाव मोठं आहे, आपण सगळ्यांसारखं टीसीई म्हणू. दिसायला पाण्यासारखं, वासाला किंचित गोडसर, धातूवरचा चिकटपणा क्षणात काढणारं, आणि पेट्रोलसारखं भडकन पेट न घेणारं. कारखान्यात काम करणाऱ्याला असा द्राव म्हणजे वरदानच. वापरून झाला की ड्रमात, नाहीतर सरळ मोरीत किंवा मातीत. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं; उडून जातो ना, मग झालं! मॉफेटवर त्यात नौदलाच्या ड्रायक्लीनिंगची भर पडली. कपडे धुवायचा तो द्राव टीसीईचा थोरला भाऊ, पीसीई.

पुलाच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेला, तेव्हाच दुसरा उद्योग चालला होता. मिडलफील्ड रोड, एलिस स्ट्रीट आणि व्हिस्मन रोड या तीन रस्त्यांच्या मध्ये फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन यांचे कारखाने होते. सिलिकॉन व्हॅलीचं बारसं जिथं झालं म्हणतात, ती ही आळी. चिपही स्वच्छच लागते, तिलाही टीसीईनं धुवायचे. खराब द्राव जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे आणि टाक्या गळायच्या. १९८१ च्या अखेरीस सॅन होजेत फेअरचाइल्डच्या दुसऱ्या एका कारखान्याची टाकी गळून पिण्याच्या विहिरीत द्राव सापडला, तेव्हा खोऱ्यातल्या बाकीच्यांनीही आपापल्या जमिनीत डोकावायला सुरुवात केली. डोकावलं तिथं सापडलं. ज्याला जग 'स्वच्छ उद्योग' म्हणत होतं, त्या सांता क्लारा काऊंटीत आज अमेरिकेतल्या कुठल्याही काऊंटीपेक्षा जास्त 'सुपरफंड' जागा आहेत. सुपरफंड म्हणजे १९८० च्या कायद्यानं ठरवलेली, देशातल्या सर्वांत घाण जमिनींची यादी. ज्यानं घाण केली त्यानं निस्तरायची, हा त्या कायद्याचा गाभा. मॉफेट तळ १९८७ मध्ये त्या यादीत गेला.

आता जमिनीखाली काय झालं ते बघू. इथं आपली नेहमीची कल्पना थोडी बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे विहीर खणली की मुरूम, मग कातळ, आणि कातळाच्या भेगेतून झरा. तिथं तसं नाही. खाडीकाठचा गाळाचा प्रदेश. वाळू-रेतीचा थर, मग चिकणमातीचा, मग पुन्हा वाळूचा, अशी चळत. वाळूतून पाणी सरकतं, चिकणमातीतून जवळजवळ नाही. सरकतं तेही गोगलगायीच्या चालीनं, कुठं दिवसाला काही फूट, कुठं इंचभर. उतार उत्तरेला, खाडीकडे.

पेट्रोल किंवा विमानाचं इंधन सांडलं तर ते पाण्यापेक्षा हलकं. पाण्यावर तवंग धरतं, वर वरच राहतं आणि मातीतले जंतू त्यावर ताव मारतात. हवा मिळाली की त्यातलं बरंचसं काही वर्षांत पचतं. इंधनाच्या गळतीचं म्हणूनच मी फार सांगत नाही. टीसीई उलट आहे. पाण्याच्या जवळपास दीडपट जड. ते पाण्यात पडलं की तळाकडे निघतं. वाळूच्या थरातून उतरत उतरत चिकणमातीवर टेकतं, तिच्यावर डबकं करून बसतं, फट सापडली की आणखी खाली. पाण्यात विरघळतं अगदी थोडं. पण ते थोडंसुद्धा पुष्कळ आहे, कारण पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला ५ मायक्रोग्रॅम.

ही मर्यादा किती बारीक, ते टँकरच्या हिशेबात सांगतो, आपल्याला टँकर चांगला कळतो. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये टीसीईचा एक थेंब पडला तरी पाणी मर्यादेबाहेर जातं. एक लिटर टीसीईला सामावून घेऊन मर्यादेत राहायचं तर २९ कोटी लिटर पाणी लागेल. म्हणजे असे २९ हजार टँकर. इथं तर वर्षानुवर्षं टाक्या गळत होत्या.

तर खाली बसलेलं डबकं पाण्यात हळूहळू विरघळत राहतं, आणि विरघळलेलं पाणी उतारानं सरकत जाऊन लांबट पट्टा तयार होतो. त्याला 'प्लूम' म्हणतात. मी जीभ म्हणतो. चिप कारखान्यांची जीभ दक्षिणेकडून आली, महामार्गाखालून पलीकडे गेली आणि नौदलाच्या घाणीत मिसळली. आता यातला कुठला रेणू कंपनीचा आणि कुठला नौदलाचा? रेणूवर शिक्का नसतो. ड्रायक्लीनिंगच्या पीसीईवरून थोडा अंदाज लागतो म्हणावं, तर जमिनीत पीसीईचंही कालांतरानं टीसीईच होतं. भाऊबंदकीतल्या बांधासारखं प्रकरण. शेवटी जिभेचे भाग वाटून घेतले: एवढ्यात कंपन्यांनी उपसा करायचा, एवढ्यात नौदलानं, काही भाग नासाकडे.

१९८९ मध्ये पर्यावरण खात्यानं कंपन्यांच्या भागासाठी उपाय ठरवला. मुळाशी असलेली खराब माती खणून काढायची. जिथं खणता येत नाही तिथं जमिनीत नळ्या खुपसून हवा ओढायची. टीसीई उडणारं आहे, मातीतल्या पोकळ्यांमधून वाफ होऊन पंपानं बाहेर येतं. गळतीच्या जागांभोवती खोल चर खणून त्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती भरायची, म्हणजे जमिनीखाली न दिसणारी कोटाची भिंत. आणि उरलेल्या पाण्याचा उपसा.

उपसा म्हणजे नेमकं काय, तर विहिरींतून पाणी वर काढायचं आणि मनोऱ्याच्या माथ्यावरून खाली पाझरवायचं. खालून पंख्यानं हवा सोडायची. ज्या गुणामुळे टीसीई कापडावरून झटकन उडतं, त्याच गुणामुळे ते इथं पाणी सोडून हवेत जातं. उरलंसुरलं कोळशाच्या गाळणीत अडकतं. हा नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळसा खास भाजून केलेला, आतून इतका सच्छिद्र की मूठभर कोळशाची आतली पृष्ठफळं पसरली तर मोठी शेतं झाकतील. साफ झालेलं पाणी ओढ्यानं खाडीत. कोळसा भरला की ट्रकमध्ये घालून दूरच्या भट्टीत भाजायला पाठवायचा. ती भट्टी कुणाच्या गावाशेजारी असते, हा प्रश्न उपशाच्या हिशेबात येत नाही, पण वाचताना मला तो टोचत राहिला.

उपसा सुरू झाला की पहिल्या काही वर्षांत आकडे झरझर उतरतात. सगळे खूश. मग आकडा एका पातळीला येऊन अडतो. पंप चालू, वीज चालू, माणसं चालू, आणि आकडा हलत नाही. मग कुणी म्हणतं, पंप थोडे दिवस बंद ठेवून पाहू. बंद ठेवला की आकडा पुन्हा वर.

असं का होतं, ते ज्यांनी रॉकेलचे दिवस पाहिलेत त्यांना सांगावं लागणार नाही. आमच्या घरी एकदा कुणीतरी मातीच्या मडक्यात रॉकेल ओतून ठेवलं होतं. आईनं ते मडकं राखेनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, उन्हात ठेवलं. नाक घालून पाहिलं, वास नाही. रात्री पाणी भरून ठेवलं. सकाळी पाण्याला रॉकेलचा वास. पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. रॉकेल मडक्यात नव्हतंच, मडक्याच्या मातीत गेलं होतं. बाहेरून धुवाल तेवढं पाणी स्वच्छ, आणि पाणी स्वच्छ असेल तेवढं मातीतलं रॉकेल बाहेर यायला मोकळं. शेवटी आईनं त्या मडक्यात कोथिंबीर लावली.

जमिनीखालची चिकणमाती म्हणजे हेच मडकं, फक्त काही चौरस किलोमीटरचं. तीस-चाळीस वर्षं तिच्या अंगाला टीसीईचं पाणी लागून होतं. त्या काळात टीसीई कणाकणानं तिच्या आत मुरत गेलं. आता वाळूतलं पाणी उपसून तुम्ही स्वच्छ केलंत, की मुरलेलं टीसीई तितक्याच संथपणे बाहेर झिरपायला लागतं. आणि मातीतून पाणी जातच नाही, तर पंप तिच्यातून काय ओढणार? मुरायला जेवढी वर्षं लागली, निघायला त्याहून जास्त लागतात. चंद्र आणि अडीच किलोमीटरच्या कोड्याचं उत्तर इथं आहे. पैसा किंवा अक्कल कमी पडली असं नाही. मातीतून रेणू बाहेर पडायचा वेगच तेवढा आहे.

मग आकडा हलत नाही तरी पंप का चालवायचा? कारण तिथून पुढे त्याचं काम राखणीचं. विहिरीतून पाणी ओढलं की भोवतालचं पाणी तिच्याकडे वळतं, जीभ पुढे सरकत नाही. गुरं राखणारा गुरं कमी करत नसतो, ती शेजाऱ्याच्या शेतात जाऊ नयेत एवढं बघतो.

अर्थात सगळे नुसते पंपाशी बसून राहिले नाहीत. मॉफेट फील्डची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, की ही घाण जगाची शाळा झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले पेरी मॅकार्टी, पॉल रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी इथं आले. मिथेन खाणारे काही जंतू असतात. मिथेन पचवायला त्यांच्याकडे जो पाचक रस असतो, तो टीसीईलाही चुकून तोडतो; त्यात जंतूंचा काही फायदा नाही, उलट तोटाच. या मंडळींनी जमिनीखालच्या पाण्यात मिथेन आणि ऑक्सिजन सोडला, जंतू पोसले आणि मोजलं. टीसीई वीस-तीस टक्केच तुटलं, पण त्याचा धाकटा भाऊ व्हिनाइल क्लोराइड नव्वद टक्क्यांवर. प्रयोगशाळेच्या बाटलीत नव्हे, खऱ्या जमिनीत.

पुढे दुसऱ्या जातीचे जंतू सापडले, ज्यांना ऑक्सिजन नको आणि जे टीसीईतल्या क्लोरीनवर अक्षरशः श्वास घेतात. त्यांच्यासाठी आता जगभर जमिनीत काय सोडतात माहीत आहे? सोयाबीनचं तेल. नाहीतर मळी, साखर कारखान्यातून निघते ती. त्यावर आधी साधे जंतू माजतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि मग या खास जंतूंचं राज्य सुरू होतं. ते एकेक क्लोरीन काढत जातात: टीसीई, मग डीसीई, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी एथिलीन. कच्च्या केळ्यांच्या पेटीत सोडतात तो वायू. धोका मधल्या पायरीवर. जंतू कमी पडले किंवा खुराक संपला तर गाडी व्हिनाइल क्लोराइडवर अडते, आणि ते टीसीईपेक्षा वाईट. अर्धवट केलेली साफसफाई न केलेल्या साफसफाईपेक्षा महाग पडते, ती अशी.

तिसरा उपाय लोखंडाचा, आणि त्याचा शोध फार गमतीनं लागला. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात विहिरीच्या नळ्या कुठल्या पदार्थाच्या असाव्यात, हे तपासताना दिसलं की काही धातूंच्या संपर्कात टीसीईसारखे द्राव आपोआप कमी भरतात. दुसऱ्या कुणी 'नमुना बिघडला' म्हणून फेकून दिला असता. तिथल्या रॉबर्ट गिलहॅम यांनी उलटा विचार केला: लोखंड गंजताना जे देतं, त्यानं क्लोरीन सुटत असेल तर जमिनीत लोखंडाचीच भिंत का घालू नये? पाणी भिंतीतून आपल्या चालीनं पार होईल, पलीकडे स्वच्छ निघेल. पंप नको, वीज नको. अशी पहिली व्यापारी भिंत १९९४-९५ च्या सुमारास मॉफेटच्या शेजारी, सनीवेलमध्ये घातली गेली. एप्रिल १९९६ मध्ये नौदलानं मॉफेटवर चाचणीची भिंत घातली, सुमारे सहा फूट जाडीची, लोखंडाच्या भुशानं भरलेली. दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख, पाणी फटीकडे वळवायला. ओढ्यात मासे धरायला दगडांची रांग लावून मध्ये टोपली ठेवतात तसं. लोखंडात पहिल्या काही फुटांतच टीसीई संपायचं. मात्र भिंत फक्त पार होणाऱ्या पाण्याला साफ करते. मडक्यातलं रॉकेल मडक्यातच.

पुढचा भाग घरातल्या माणसांच्या दृष्टीनं महत्त्वाचा. हे पाणी कुणी पीत नाही. माउंटन व्ह्यूच्या नळाला बहुतांश पाणी दूर सिएरा पर्वतातल्या हेच हेची धरणाचं येतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेजून या तळावर तसं नव्हतं. तिथं टीसीई आणि पीसीई पिण्याच्या विहिरींतच गेलं, आणि १९५३ ते १९८७ या काळात तिथं राहिलेल्या सैनिकांना व कुटुंबांना दाद मागता यावी म्हणून २०२२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मॉफेटवर लोक निवांत होते: पीत नाही ना, मग जाऊ द्या.

पण टीसीई उडतं. जमिनीखाली उथळ पाण्यात असलं तरी उडतं. वाफ मातीतून वर चढते आणि इमारतीच्या जोत्याला पडलेल्या फटीतून, नळ जिथून आत येतो त्या भोकातून, आत शिरते. बंद खोलीत साठते. टीसीईनं मूत्रपिंडाचा कर्करोग होतो हे आता सिद्ध मानतात, आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला थोडक्या दिवसांतही बाळाच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो, ही काळजी आहे. म्हणून २०१० मध्ये इथल्या उपायात घरातल्या हवेचा समावेश झाला: घरात घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, कार्यालयात ५, याच्यावर नको. उपाय अगदी साधा. फरशीखाली सच्छिद्र नळी, तिला उभा पाइप, छतावर पंखा. खालची वाफ आत यायच्या आधीच आकाशात. कार्यालयात वातानुकूलन असं लावतात की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहील. त्या पंख्याची घरघर त्या भागात कुठल्याशा भिंतीआडून ऐकू आली तर समजावं, खाली मडकं आहे.

हँगर वनचं दुखणं वेगळंच. त्याच्या पत्र्यावर गंज धरू नये म्हणून जो लेप होता, त्यात पीसीबी नावाची विषारी रसायनं आणि अ‍ॅस्बेस्टॉस, आणि रंगात शिसं. पावसात धुपून हे सगळं गटारात, तिथून खाडीकाठच्या पाणथळीत जायचं. गाळात पीसीबी सापडलं १९९७ मध्ये. ते छतावरून येतंय हे कळायला पुढची काही वर्षं गेली. जमिनीत शोधत बसले होते, आणि विष डोक्यावर होतं! नौदल म्हणालं पाडून टाकू, गावकरी म्हणाले आमचा हँगर पाडायचा नाही. शेवटी २०११ पासून पत्रा सोलून काढला आणि नुसता लोखंडी सांगाडा उभा राहिला. नवा पत्रा कुणी घालायचा, यावर नौदल आणि नासा यांच्यात वाद. २०१४ मध्ये गूगलच्या एका उपकंपनीनं तळाचा मोठा भाग साठ वर्षांच्या कराराने घेतला, भाडं १.१६ अब्ज डॉलर, आणि हँगरची डागडुजी तिच्या गळ्यात पडली.

एवढं वाचल्यावर कुणी विचारेल, ही माती खणून भट्टीत का घालत नाहीत? घालतात, जिथं परवडतं आणि जिथं पर्याय नसतो तिथं. व्हिएतनाममधल्या दानांग विमानतळावर अमेरिकी फौजांनी झाडांची पानं गाळायचं 'एजंट ऑरेंज' साठवलं होतं. त्यातलं डायॉक्सिन मातीत राहिलं. ते पाण्यात विरघळत नाही, मातीला घट्ट धरून बसतं. तिथं सुमारे ९० हजार घनमीटर माती आणि गाळ काँक्रीटच्या एका प्रचंड पेटीत रचला, आत तापणाऱ्या सळ्या घातल्या आणि सगळं ३३५ अंशांपर्यंत तापवलं. काम २०१८ मध्ये पुरं झालं. पण तिथं विष उथळ होतं आणि वर धावपट्टीशेजारची मोकळी जमीन. मॉफेटच्या जिभेवर रस्ते आहेत, रेल्वे आहे, आठपदरी महामार्ग आहे, लोकांची घरं आहेत. ते सगळं उचलून बाजूला ठेवायचं कुठं?

म्हणून 'साफ' हा शब्द या कामात नेहमी कशासाठी याला जोडून येतो. धावपट्टीसाठी साफ, कार्यालयासाठी साफ, पाळणाघरासाठी साफ. प्रत्येकाचा आकडा निराळा. जिथं शेवटच्या आकड्यापर्यंत जाता येत नाही, तिथं कागदावर बंधन घालतात: इथं विहीर खणायची नाही, इथं घर बांधायचं नाही. ते बंधन पुढच्या मालकाला, त्याच्या पुढच्याला लागू. विष जोवर मर्यादेवर आहे, तोवर दर पाच वर्षांनी आढावा घ्यायचा, असं कायदाच सांगतो. नौदलानं तळ सोडला, पण घाण निस्तरायचा हिशेब त्याच्यामागून सुटला नाही. मला हे पटतं. तळ बंद करताना झेंडा उतरवायला पाच मिनिटं लागतात.

आणि नवे पाहुणेही येतातच. विमानाची आग विझवायला जो फेस वापरत, त्यातली पीएफएएस नावाची रसायनं लष्करी विमानतळांच्या पाण्यात आता शोधली जातायत, मॉफेटवरही. त्यातल्या दोन प्रमुख रसायनांची २०२४ मध्ये ठरलेली पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम, म्हणजे टीसीईच्या हजारपटीहून बारीक. जंतू त्यांना खात नाहीत, लोखंडाची भिंत त्यांचं काही बिघडवत नाही. कोळशात अडकतात, एवढंच.

परत यायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी झाकण उघडं दिसलं. निळे हातमोजे घातलेला एक तरुण फुटपाथवर मांडी घालून बसला होता. आधी त्यानं मोजपट्टी आत सोडली. टोक पाण्याला लागलं तसं 'बीप' वाजलं. आकडा वहीत. मग एका बारीक नळीतून, छोट्या पंपानं, इतकं हळू पाणी काढायला लागला की मला वाटलं बिघडलंय. चहाच्या अर्ध्या कपापेक्षाही लहान काचेची कुपी त्यानं काठोकाठ भरली, पाण्याचा घुमट वर आला तेव्हाच टोपण फिरवलं. कुपी उपडी केली, बोटानं टिचकी मारली आणि उजेडात धरून पाहिली. मी विचारलं, काय बघताय? म्हणाला, बुडबुडा. आत हवा राहिली तर द्राव त्या हवेत निघून जातो आणि प्रयोगशाळेत आकडा खोटा येतो.

मोहरीएवढा एक बुडबुडा होता. त्यानं कुपी बाजूला ठेवली आणि दुसरी भरायला घेतली.